डोळे मिटून ऐकण्याचा तास

पाचवीच्या वर्गाला मी पहिल्यांदा "संगीत ऐका आणि जे ऐकू येतं ते काढा" असं सांगितलं, तेव्हा अर्ध्या वर्गाने तबला काढला. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी माईक धरलेली गायिका काढली, आणि एकीने तर माझा स्पीकरच काढला, बटणांसकट. मी पुन्हा सांगितलं, "वाद्य नको, माणूस नको. आवाज काढा."

"आवाज कसा दिसतो, बाई?"

"मला काय माहीत? तुम्हीच दाखवा."

मी काळाचौकीच्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवते. दर गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर पाचवीच्या सलग दोन तासिका माझ्याकडे असतात. त्या वर्षी मी घरून छोटा स्पीकर न्यायचे, तीन-चार मिनिटांचं वादन लावायचे, आणि मुलं तेलखडूंनी कागद भरायची. हळूहळू त्यांना गंमत कळली. संतूर ऐकून एका मुलीने कागदभर बारीक पांढरे-निळे ठिपके काढले आणि म्हणाली, "स्टीलच्या डब्यात साबुदाणा ओततायत." सारंगीला एकाने करडी रेघ काढली, मध्येच जाड, मध्येच तुटलेली. "हिचा घसा बसलाय, बाई." ढोल-ताशा लावला की मात्र सगळ्या वर्गाचं चित्र एकच. ढोल कसा दिसतो हे आमच्या भागातल्या मुलांना शिकवावं लागत नाही. लाल, काळा, भगवा, आणि कागद फाटेपर्यंत जोर.

त्या वर्गात एक मुलगी होती. दुसऱ्या बाकावर, भिंतीकडेला बसायची. दोन घट्ट वेण्या, नाक कायम चोंदलेलं, बोलणं कमी. हात मात्र छान होता. जास्वंदीचं फूल समोर ठेवलं तर त्याच्या पाकळीची सुरकुतीसुद्धा कागदावर यायची. पण संगीत सुरू झालं की ती शेजारणीच्या कागदाकडे बघायची. शेजारणीने निळा खडू उचलला की ही निळा उचलायची. तिने गोल काढला की हिचाही गोल.

दोन-तीन गुरुवार मी काही बोलले नाही. चौथ्या गुरुवारी तिच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले. मी वर्गात ओरडत नाही. आवाज खाली आणून टोचून बोलते, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागतं हे मला चांगलं ठाऊक आहे. त्याच आवाजात मी म्हणाले, "एवढा चांगला हात आहे आणि दुसऱ्याचं चोरतेस? लाज नाही वाटत?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. ती मान बघून मला अजूनच राग आला. दप्तर उचलायला लावून मी तिला शेवटच्या रिकाम्या बाकावर एकटीला नेऊन बसवलं.

त्यानंतर तिचे कागद बिघडत गेले. ढोल असला की ठीक. बासरी, सतार असली की कागद कोरा, नाहीतर कोपऱ्यात एखादं घर, एखादं झाड. मला वाटलं, रुसलीय. वर्गशिक्षिकेला विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, तिचं लक्षच नसतं. गणितातही तेच. तिसऱ्यांदा हाक मारली की मग बघते."

एकमेकांचं बघून काढायची खोड इतरांनाही होतीच. ती मोडावी म्हणून एका गुरुवारी मी नवा खेळ काढला. सगळ्यांनी डोळे मिटायचे, खडू कागदावर टेकवायचा. वादन सुरू झालं की रेघ सुरू करायची, आवाज जाईल तशी रेघ न्यायची, वादन थांबलं की थांबायचं.

मी बासरी लावली. सुरुवात फार हलकी होती. सगळ्या वर्गाचे हात हळूहळू हलायला लागले. शेवटच्या बाकावरचा हात हलला नाही. तिने डोळे इतके घट्ट मिटले होते की कपाळावर आठ्या आल्या होत्या. खडू कागदावर टेकलेला, बोटं तयार. ती वाट बघत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. बासरी चढली, उतरली, शेजारच्या मुलांच्या रेघा कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या. मग तबला सुरू झाला, आणि तिचा हात एकदम निघाला.

रुसलेलं मूल अशी वाट बघत नाही.

वादन संपल्यावर "डोळे उघडू नका" असं सांगून मी तिच्या मागे गेले आणि तिचं नाव हळूच घेतलं. काही नाही. थोडं मोठ्याने घेतलं. पुढच्या बाकावरची दोन मुलं डोळे उघडून वळली, ही तशीच. तिसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडले. तेव्हा तिने डोळे उघडले आणि मला शोधायला फळ्याकडे पाहिलं.

त्या मुलीला मीच उचलून सगळ्यात मागे बसवलं होतं.

तास संपल्यावर मी मुख्याध्यापिकांकडे गेले. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आईला बोलवा. पण जपून बोला. आपण डॉक्टर नाही. उद्या काही निघालं नाही तर शाळेच्या दारात येऊन भांडतील."

मुलीला मी दुसऱ्या दिवशीच पहिल्या बाकावर आणलं. आई शनिवारी आली. दादरला एका साड्यांच्या दुकानात कामाला होती, दुकान उघडायच्या आत तिला पोचायचं होतं. मी शक्य तेवढं जपून सांगितलं. तरी तिचा चेहरा आवळत गेला.

"म्हणजे माझी मुलगी बहिरी आहे म्हणताय तुम्ही?"

"तसं नाही हो. एकदा तपासून घ्या, एवढंच."

"घरी सगळं ऐकते ती. टीव्ही बघते, कार्टूनमधले डायलॉग पाठ आहेत तिला. आवाज फुल ठेवते म्हणून शेजारचे..." इथे ती थांबली. मग पर्स खांद्यावर घेतली. "चित्रकलेच्या बाईंनी कान तपासायचे, हे मी पहिल्यांदाच बघतेय," म्हणाली आणि गेली.

सोमवारी मुलगी शाळेत आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी तिचा बाक रिकामा बघून मला वाटलं, संपलं, शाळा बदलणार हे लोक. त्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. नवरा म्हणाला, "तू जे पाहिलंस ते सांगितलंस. अजून काय करणार?" पण जे पाहिलं होतं त्याच्या आधी जे केलं होतं, ते मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी शाळा सुटताना आई फाटकाशी उभी होती. ताप होता, म्हणाली, म्हणून पाठवलं नाही. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायला लागली.

"बाई, त्या दिवशी मी रागात गेले. पण घरी गेल्यावर डोक्यातून जाईना. ती खिडकीत अभ्यास करत होती. मी मागे उभी राहून चाव्यांचा जुडगा वाजवला. वळली नाही. ताटावर चमचा हापटला, तेव्हा वळली." तिचे डोळे भरले. "मी रोज ओरडते हो तिला. बहिरी झालीस का म्हणून ओरडते. हाच शब्द वापरते."

मी तिचा हात धरला.

"तिच्या बाबांना अजून सांगितलं नाहीये. ते हाय खातील. तुम्ही याल का सोबत? मला एकटीला नाही जमणार."

पुढच्या मंगळवारी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही तिघी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेलो. कान-नाक-घशाच्या विभागाबाहेर बाकावर बसलो. आई केसपेपरच्या रांगेत गेली आणि मी मुलीबरोबर एकटी उरले. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, तिला माझं तोंड दिसेल अशी, आणि मोठ्याने म्हणाले, "मी तुला वर्गात चोरतेस म्हणाले होते ना? माझं चुकलं. तू चोरत नव्हतीस."

ती गोंधळली. "कधी, बाई?"

"मागच्या बाकावर बसवलं तेव्हा."

"तेव्हा तुम्ही असं म्हणालात?" तिने जरा विचार केला. "मला ऐकूच आलं नाही. मला वाटलं, तुझं चित्र मोठं आहे, तू अख्खा बाक घे, असं म्हणताय."

मला हसू आणि रडू एकदम आलं. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस जे वाक्य मी डोक्यात घेऊन फिरत होते, ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी तिला तिथेच खरं काय ते सांगून टाकलं होतं, आणि तिला त्याचं काही वाटलेलं दिसत नव्हतं. तिचं लक्ष माझ्या पर्समधल्या बिस्किटांकडे होतं.

तपासणीची खोली छोटी होती, आत काचेची एक केबिन. मुलीला हेडफोन लावून आत बसवलं, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आई आणि मी बाहेरून बघत होतो. पहिल्यांदा ती भराभर बटण दाबत होती. आईने माझ्याकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर आशा होती. पण तपासणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं, आवाज सोडताना त्यांचा खांदा हलतो, मुलगी तो बघून दाबतेय. त्यांनी उठून तिची खुर्ची भिंतीकडे वळवली. मग बटण बराच वेळ दाबलं गेलं नाही. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

डॉक्टर तरुण होत्या. कागदावरचा आलेख पाहिला, मुलीच्या कानात दिवा लावून पाहिलं, नाकात पाहिलं, सर्दी किती वेळा होते ते विचारलं. आई म्हणाली, "बारा महिने." डॉक्टरांनी मान हलवली.

"आई, घाबरू नका. नस चांगली आहे हिची. पडद्याच्या मागे पाणी साठून डिंकासारखं घट्ट झालंय, दोन्हीकडे. नाकाच्या मागच्या गाठी सुजल्यात, त्यामुळे होतं. औषधं देते. नाही निवळलं तर छोटंसं ऑपरेशन करून पाणी काढून टाकू."

"म्हणजे बहिरी नाही ना?"

"नाही हो. भिंतीपलीकडून ऐकावं तसं ऐकतेय सध्या. भिंत काढता येईल."

आई खुर्चीतून उठली, परत बसली. डॉक्टरांना "थँक्यू" म्हणाली, मग मला म्हणाली, मग दारातल्या शिपायालाही म्हणाली. जिना उतरताना मध्येच कठड्याला धरून थांबली आणि पदराने तोंड झाकून रडली. लोक बाजूने वर-खाली जात होते. मुलगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी मोठ्याने सांगितलं, "काही नाही, आई खूश आहे." बाहेर येऊन आम्ही तिघींनी उसाचा रस घेतला, आणि आईने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, पुढच्या वेळी मी येतो. आणि आला. सुट्टी काढून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

औषधांनी एका कानात थोडा फरक पडला, दुसऱ्यात नाही. शेवटी ऑपरेशन ठरलं. त्या दिवशी शाळेत परीक्षा होती, मला जाता आलं नाही. पर्यवेक्षण करताना मी दहा वेळा फोन बघितला असेल. पेपर गोळा करून खाली आले तेव्हा आईचा फोन आला. "झालं, बाई. पाणी काढलं, गाठी काढल्या, पडद्यात बारीकशी नळी ठेवलीय. शुद्धीवर आलीय. आईस्क्रीम मागतेय." मी ऑफिसच्या दारातच ओरडून मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे पुसले आणि शिपायाला म्हणाल्या, "दोन चहा आण. नको, चार आण."

दोन दिवसांनी मुलीने स्वतः फोन केला. तिची तक्रार होती. "बाई, आमच्या घरातला पंखा वाजतो. आई म्हणते पहिल्यापासून वाजतो. आणि बाबा जेवताना किती आवाज करतात!" पाठीमागून बाबांचा आवाज आला, "ए, गप ग," आणि मग तिघेही हसले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बस न घेता परळवरून प्रभादेवीपर्यंत चालत घरी आले. कारण काही नव्हतं. वाटेत कोथिंबीर घेतली. घरी पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, "एवढा उशीर?"

"चालत आले."

मी हातपाय धुऊन बसल्या बसल्या त्याला सगळं सांगितलं, अगदी त्या चौथ्या गुरुवारपासून. मग जेवायला बसले आणि दोन वाट्या आमटी प्यायले.