रिकाम्या रॉडचं वजन

ऑपरेशननंतर सव्वा वर्षाने डॉक्टरांनी मला पुन्हा वजन उचलायची परवानगी दिली, तेव्हा मला आनंद झाला नाही. ते 'नाही' म्हणतील अशी माझी मनातून खात्री होती आणि तसं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. डॉक्टरच नको म्हणतात, असं चारचौघांत सांगत जन्मभर फिरलो असतो. माझा भित्रेपणा आज्ञाधारकपणात खपून गेला असता. पण एक्स-रे उजेडासमोर धरून ते म्हणाले, "मणके जुळत आलेत. आता स्नायूंना काम दिलं नाहीत तर पाठ दुबळीच राहील. वीस किलोपासून सुरू करा. जमिनीवरून उचलायचं नाही, गुडघ्याच्या उंचीवरून. आणि मला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही."

बायको शेजारीच बसली होती. तिने विचारलं, "आणि काही झालं तर?"

"जोड पक्का व्हायच्या आत स्क्रू हलले तर पुन्हा उघडावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या वेळी पायाची हमी मी देणार नाही."

हा पाय म्हणजे माझा डावा पाय. कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला होता आणि त्यात नस चेपली गेली होती. पाऊल उचलेनासं झालं होतं. चालताना डावी चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि मला पत्ताच लागायचा नाही. एकदा ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडताना ती अशीच मधोमध राहिली. पलीकडे गेल्यावर एका भाजीवाल्याने हाक मारून सांगितलं. मी मागे वळून बघतो तर एक ट्रक तिच्यावरून निघून गेला. त्या चपलेकडे बघताना मला जे वाटलं ते मी घरी सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशनला हो म्हणालो. स्क्रू आणि सळ्या घालून, खुब्याच्या हाडाचा तुकडा काढून तो मणक्यांच्या मधे भरून दोन मणके एकात एक केले. पाय परत आला, अंगठा तेवढा किंचित बधिर राहिला. लोक सकाळी उठल्यावर आधी तळहात बघतात. मी डोळे उघडायच्या आधी अंगठा हलवून बघायचो.

तेव्हा मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर कारकून होतो. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, मग माल उतरवून रिकामा घ्यायचा, भरल्यातून रिकामा वजा करायचा आणि उरलं ते मालाचं वजन पावतीवर लिहायचं. दिवसभर हेच. नव्वद सालाच्या पुढची ती वर्षं, सगळी नवी मुंबई बांधली जात होती आणि तिचं निम्मं लोखंड आपल्या काट्यावरून जातं असं मला उगाच वाटायचं.

आम्ही राहायचो कोपरखैरण्याला. आमची व्यायामशाळा म्हणजे समाजमंदिराच्या मागची पत्र्याची खोली. दारात चपला काढायच्या, मारुतीच्या फोटोला हात लावायचा आणि मग लोखंडाला. तिथला रॉड पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्यातून बाद झालेला शाफ्ट होता. प्लेटी कळंबोलीहून गॅसने कापून आणलेल्या, त्यातल्या बऱ्याच माझ्याच ओळखीने. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने तिचं वजन लिहिलेलं. व्यायामशाळा बघायचे ते मास्तर. शाळामास्तर नव्हेत, पावण्याला फिटर होते. तिथल्याच जुन्या गावातले, मिठागरात वाढलेले. आजारपणाआधी मी याच खोलीत शंभराच्या वर उचलत असे आणि उचलून झाल्यावर कुणी बघितलं का ते बघत असे.

बायकोने जाऊ दिलं, पण एका अटीवर. ती बरोबर येणार. व्यायामशाळेत बाई कधी आली नव्हती, म्हणून ती समाजमंदिराच्या पायरीवर भाजी निवडत बसायची. आत लोखंड आपटल्याचा आवाज आला की बाहेरून विचारायची, "अहो?" मी आतून म्हणायचो, "आहे." शाळेत हजेरी घेतात तसं. तिच्यामुळे पहिले काही दिवस खोलीतल्या शिव्या एकदम बंद झाल्या. कुणी आडून काही बोललं तर मास्तर म्हणायचे, "गप रं. वहिनी भायेर हाय."

पहिल्या दिवशी मास्तरांनी सिमेंटचे ठोकळे एकावर एक रचून रॉड गुडघ्याच्या उंचीवर ठेवला आणि दोन्ही बाजूंना दहा-दहाची प्लेट चढवली. "वीस झाले," ते म्हणाले. "वीस किलो म्हंजे पोरांचा खेल हाय. उचल."

मी उचलला. वर येता येता पाठीत कट् असा आवाज झाला आणि मी होतो तिथेच थिजलो. गेला स्क्रू, एवढंच डोक्यात आलं. मास्तरांनी माझ्या हातातून रॉड काढून घेतला आणि प्लेटीला लावलेली पकड दाखवली. ती ढिली होती, तीच वाजली होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो आमच्या पत्र्याच्या खोलीत हजर होता.

महिना दीड महिना असाच गेला. भीती कमी झाली नाही, वाढलीच. कारण ते वीस किलो मला फार जड लागत होते. हात थरथरायचे, मांड्या भरून यायच्या, घरी आल्यावर पाठ लाकडासारखी कडक व्हायची. एकेकाळी शंभर उचलणारा माणूस वीस किलोला असा घाम गाळतो म्हणजे आतून सगळं संपलेलंच असणार, असं मी धरून चाललो. बायको विचारायची, "जमतंय ना?" मी म्हणायचो, "जमतंय." तिला टेन्शन नको म्हणून नव्हे, मोठ्याने बोललो तर ते खरं होईल म्हणून.

एके दिवशी दुपारी काट्यावर साताऱ्याकडचा एक नवखा ड्रायव्हर आला. त्याची भरलेली गाडी चढवली, आकडा सांगितला. तो गोंधळला. खिडकीशी येऊन म्हणाला, "सायेब, ह्यात गाडी बी धरलीया का?"

"हो, गाडी धरून," मी म्हणालो. "रिकामी केलीस की परत आण, तेवढं वजा करू."

तो गेला आणि माझं पेन पावतीवरच थांबलं. गाडी धरून. आणि रॉड? रॉड धरला होता का?

नव्हता. आमच्याकडे रॉड कुणीच धरत नसे. किती उचललं असं विचारलं की प्लेटींची बेरीज सांगायची, अशीच रीत होती. रॉड म्हणजे नुसतं धरायची जागा. मला ही रीत इतकी अंगवळणी पडलेली की डॉक्टर वीस म्हणाले तेव्हाही मी प्लेटीच मोजल्या. ज्याची भाकरी रिकाम्या गाडीचं वजन वजा करण्यावर चालते, त्याला रिकाम्या रॉडला वजन असतं हे सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

उरलेला दिवस मी खुर्चीत ताठ बसून काढला. दर थोड्या वेळाने बुटातला अंगठा हलवून बघत होतो आणि प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा बधिर वाटत होता. परतीच्या बसमध्ये कंडक्टरला दोनदा विनवलं, ड्रायव्हरला जरा खड्डे चुकवायला सांगा म्हणून.

कोपरखैरण्याला उतरून तडक मास्तरांकडे गेलो. "मास्तर, आपल्या रॉडचं वजन किती?"

"रॉडचं वजन कोन करतंय?" मास्तर हसले. मग माझं तोंड बघून हसायचं थांबले. त्यांनी रॉड खांद्यावर घेतला आणि आम्ही कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे गेलो. ते पुढे, मी मागे, प्रेतयात्रेत चालावं तसा. भंगारवाल्याला वाटलं, विकायला आणलाय. त्याने काट्यावर टाकला. चोवीस किलोच्या थोडा वर.

म्हणजे चव्वेचाळीस. डॉक्टरांनी सांगितलेल्याच्या दुपटीहून जास्त, दीड महिना, ओल्या जोडावर. मी भंगारवाल्याच्या स्टुलावर बसलो. मास्तर काहीतरी बोलत होते, म्हणजे तू भारी निघालास वगैरे. मला फक्त रस्त्यात पडलेली ती चप्पल दिसत होती.

बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर भांडेल. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि विचारलं, "अंगठा?" मी जमिनीवर बसलो आणि तिने सुईच्या टोकाने अंगठा टोचून बघितला. मी ओरडलो. "मग ठीक आहे," ती म्हणाली, पण सुई डबीत ठेवायच्या आधी आणखी एकदा टोचून बघितलं.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत मधे काही दिवस गेले. त्या दिवसांइतकं घाबरून मी कधी जगलो नाही. वाकलो नाही, शिंक आली तर भिंतीला हात लावला, मोरीत बसायची हिंमत झाली नाही. काही दुखत नव्हतं, आणि दुखत नाही याचीच जास्त धास्ती वाटत होती. मागच्या वेळीही पाऊल जाताना काही दुखलं नव्हतं.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला आणि बराच वेळ बघत राहिले. मी बायकोकडे बघितलं नाही. "जोड पक्का आहे," ते शेवटी म्हणाले. मग मी सगळं सांगितल्यावर चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "याला माझं यश समजू नका, तुमचंही नाही. नशीब आहे. मी वीस म्हणतो तेव्हा सगळं मिळून वीस. तुमच्याकडचा रॉडच चोवीसचा आहे ना? मग जोड पक्का आहे म्हणून वरचे चार चालतील, नुसता रॉड उचला. आणखी तीन महिने एकही प्लेट नाही."

यात खरं तर सुटकाच होती. पण संध्याकाळी व्यायामशाळेत गेलो, मास्तरांनी ठोकळ्यांवर नुसता रॉड ठेवला आणि माझ्याने तो उचलवेना.

मी हात लावले, श्वास घेतला आणि सोडून दिला. पुन्हा लावले, पुन्हा सोडले. दीड महिना त्याच्या जवळजवळ दुप्पट उचलत होतो, तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत होतं की हा चोवीस किलोचा आहे, माझ्या पाठीत सळ्या आहेत आणि इतके दिवस मी नशिबावर चाललो होतो. मास्तर म्हणाले, "अरं, ह्याच्या डबल उचललास ना." तेच तर, मला म्हणायचं होतं. मी मनात ठरवून टाकलं की आज घरी जाऊन सांगायचं, बास झालं. कुणी नावं ठेवणार नाही. दोन पाय आहेत, ते घेऊन गप बसावं.

बाहेर आवाज पोहोचला नव्हता, म्हणून बायको दारात आली. "अहो?" मी उत्तर दिलं नाही. तिने चपला काढल्या आणि आत आली. खोलीतल्या पुरुषांची बनियन घालायची एकच धांदल उडाली.

"काय झालं?"

"उचलवत नाही."

"दुखतंय?"

"नाही. भीती वाटते."

हे मी तिच्यासमोर आणि त्या सगळ्यांसमोर पहिल्यांदा बोललो. तिने रॉडकडे बघितलं, पदर कमरेला खोचला, मला हाताने बाजूला केलं आणि दोन्ही हातांनी रॉड धरून उभी राहिली. थोडा तिरका आला, पण उचलला. क्षणभर धरला आणि ठोकळ्यांवर ठेवला.

"एवढाच?" ती म्हणाली. "ऑपरेशननंतर तुम्हाला कुशीवर वळवायचे तेव्हा याच्याहून जड लागायचात. दिवसातून कितीदा तरी. तेव्हा तुम्ही घाबरून अंग सोडून द्यायचात, त्याने आणखी जड."

हे ती हसतच बोलली. पण सरळ होताना तिचा एक हात कमरेवर गेला आणि तिथेच राहिला. आजारी पाठीच्या माणसाला दुसऱ्याची दुखरी पाठ लगेच ओळखता येते. मी विचारलं, "तुला कधीपासून?"

"तेव्हापासूनच," ती म्हणाली. "आधी तुमचं सगळं चाललेलं, त्यात माझं कुठे काढायचं. चला, उचला आता, मला कुकर लावायचाय."

मी रॉड उचलला. धीर आला म्हणून नव्हे. तिने पुन्हा उचलून दाखवू नये म्हणून.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मला टेबलावर झोपायला सांगितलं. मी म्हणालो, "आधी हिला बघा." ती नको नको म्हणत होती. डॉक्टरांनी तिची कंबर दाबून बघितली, पाय सरळ वर उचलायला लावला आणि तो अर्ध्यावरच थांबला. मग एक्स-रे लिहून दिला. एक्स-रेच्या खोलीचं दार तिच्यामागे लागलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. एवढी भीती मला माझ्या पाठीची कधी वाटली नव्हती.