कुंपणाबाहेरचे आजोबा

शिक्षा कशी भोगावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने आमच्या शेजारच्या आजोबांकडे शिकवणी लावायला हवी होती. गुन्हा काय, कुणीही करतं. पण शिक्षा देणारे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पहारेकरी कुणी नाही, आसपासच्यांना त्या शिक्षेची पर्वाही नाही, आणि तरी तीस वर्षं ती इमानेइतबारे भोगणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

नव्वदच्या सुरुवातीला मी ऑकलंडच्या दक्षिणेला पापाकुरात फार्मासिस्ट म्हणून नोकरीला लागलो आणि तिथेच घर भाड्याने घेतलं. सामान उतरवत असताना कुंपणावर एक भलामोठा लाल चेहरा उगवला. "मी वेल्श आहे," तो म्हणाला. "इंग्लिश नाही. एवढं लक्षात ठेवलंस तर आपलं कधी भांडण होणार नाही." मग नावगाव विचारण्याऐवजी त्यांनी बागेतला एक लांबट भोपळा माझ्याकडे फेकला. फेकला म्हणणं चूक आहे. कमरेत वळून, दोन्ही हातांनी, हवेत गरगर फिरवत पास केला. मी तो पाडला. दुसरा बायकोकडे आला, तो तिने पदर सावरत पोटाशी झेलला. त्या दिवसापासून त्या घरी बायकोच्या शब्दाला वजन आलं आणि मला 'तो केमिस्ट' म्हणू लागले. आजोबांना कुठलीही वस्तू हातात देता येत नसे. कोबी, पाव, साबणाची वडी, सगळं हवेतून यायचं. एकदा अंडी आली. त्यातली चार वाचली.

ते तरुणपणी रग्बी खेळलेले होते, आणि नुसते खेळलेले नाहीत, देशाची लाल जर्सी एकदा अंगावर घातलेले. पण रग्बीचे दोन पंथ असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एक युनियन, दुसरा लीग. आजोबा दोन्हीकडे खेळले होते आणि त्यांच्या शरीराची त्याप्रमाणे वाटणीच झाली होती. फुलकोबीसारखा झालेला डावा कान युनियनचा, वाकडं नाक युनियनचं, पुढचे दोन दात लीगचे, म्हणजे नसलेले. दुकानात मलम घ्यायला आले की मी विचारायचो, "कुठला गुडघा?" ते गंभीरपणे सांगायचे, "लीगचा." युनियनचा गुडघा ठणठणीत होता आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

दोन खेळांतला फरक त्यांनी मला आमच्याच घरी, आमच्याच रव्याच्या लाडवांवर समजावला. ताटात मोजून पंधरा लाडू मांडले. "हे युनियन." मग त्यातले दोन शांतपणे खाल्ले. "ही लीग. तेरा." मी समजल्याची मान हलवली, तर बायको आतून म्हणाली, "यांना नीट कळलेलं दिसत नाही, आजोबा, पुन्हा सांगा." त्या संध्याकाळी मला ते चार वेळा समजावण्यात आलं.

खरा फरक मात्र लाडवांनी समजावण्यासारखा नव्हता. त्या काळी युनियनमध्ये खेळायचे पैसे मिळत नसत आणि लीगमध्ये मिळत. आजोबा कोळशाच्या खाणीत काम करायचे, नुकतंच लग्न झालेलं. उत्तर इंग्लंडच्या एका लीग क्लबाचा माणूस घरी आला, त्यांनी सही केली आणि त्या क्षणापासून युनियनचं दार जन्मभरासाठी बंद झालं. खेळायचं नाही, शिकवायचं नाही. त्यांच्या गावात तर क्लबाच्या उंबऱ्याच्या आतही यायचं नाही. हे ऐकून आम्हा दोघांच्या तोंडून एकदमच शब्द निघाला, "वाळीत टाकलं!" त्याचा अर्थ सांगितल्यावर आजोबा खूश झाले. आपल्या शिक्षेला इतक्या लांबच्या भाषेतही शब्द आहे याचं त्यांना मोठं समाधान वाटलं.

न्यूझीलंडात ही बंदी कुणी मनावर घेत नसे. आमच्याजवळच्या युनियन क्लबाचे लोक त्यांना आत या, आत या म्हणून थकले होते. पण बंदी म्हणजे बंदी. रविवारी आजोबा लीगच्या मैदानावर पहिल्या रांगेत मालकासारखे बसत. शनिवारी युनियनच्या मैदानाबाहेर, फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून, जाळीच्या कुंपणाला नाक लावून. तिथून ते अशा खणखणीत आवाजात सूचना द्यायचे, की मध्यंतरात पोरं प्रशिक्षकाला सोडून संत्र्याच्या फोडी चघळत कुंपणाशी जमायची. गाडीतून जाताना आमची मुलगी ओरडायची, "आई, ही इज अ‍ॅट द फेन्स अगेन!"

आणि नेमका त्याच क्लबाचा हॉल मी आमच्या मंडळाच्या गणपतीसाठी ठरवला. आमचं मंडळ म्हणजे पंचवीस-तीस घरं, निम्मे डॉक्टर नि नर्स. हॉलला स्वयंपाकघर होतं, भाडं परवडणारं होतं, आणि 'बूट काढून आत या' ही पाटी खेळाडूंसाठी आधीपासूनच दाराला लावलेली होती. आजोबांना मी मोठ्या थाटात आमंत्रण दिलं. ते ब्लेझर चढवून, टाय लावून आले आणि कुंपणापाशी थांबले. मी हात धरून ओढलं, तर डोंगर हलेल पण आजोबा नाही. आत आरती झाली, पानं वाढली गेली, आणि बायको ताट घेऊन फुटपाथवर गेली. आजोबांनी उभ्याउभ्या मोदक खाल्ला आणि एकाएकी त्यांचे डोळे भरून आले.

"असं बाहेर आणून दिलेलं हे दुसरं," ते म्हणाले.

पहिला चहाचा कप होता. त्यांचे वडील गावच्या क्लबाची देखभाल करायचे. फरशी पुसून दाराशी बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला, स्वतःच्या पोरांनासुद्धा, रोज एकच प्रश्न विचारायचे, "बूट काढलेस का?" ते गेले तेव्हा आजोबा इंग्लंडहून दफनाला गेले. नंतरचं चहापाणी क्लबातच होतं. सगळं गाव आत, हे पायरीखाली. थोरला भाऊ तेव्हा क्लबाचा सेक्रेटरी. त्याने चहाचा कप बाहेर आणून दिला, एक शब्द न बोलता. आजोबांनी चहा प्यायला, कप पायरीवर ठेवला आणि वर्षभरात बायकोला घेऊन न्यूझीलंड गाठलं. भावाशी त्यानंतर बोलणं झालं नव्हतं.

पुढच्या वर्षी, पंचाण्णव साली, गणपतीच्या तोंडावर बातमी आली की युनियनमध्येही आता पैसे घेऊन खेळता येणार, जुनी बंदी उठली. मी वर्तमानपत्र घेऊन धावतच कुंपणाशी गेलो. "आजोबा, सुटलात!" ते घेवड्याच्या वेलाला काठी बांधत होते. बातमी त्यांनी दोनदा वाचली, पेपरची घडी घातली आणि चक्क माझ्या हातात दिली. पास केला नाही. तेव्हा मला कळलं, की माणूस घाबरलाय. दार बंद असताना बाहेर उभं राहणं त्यांना जमत होतं. उघडल्यावर आत जाऊन तिथे आपलं कुणीच नसलं तर काय, ही ती भीती होती.

बायको माझ्याइतकी हळवी नाही. तिने कुंपणावरूनच बजावलं, "आजोबा, यंदा ताट बाहेर येणार नाही. जेवायचं असेल तर आत यायचं."

गणपतीच्या त्या शनिवारी संध्याकाळी ते आले. ब्लेझर, टाय, आणि काखेत घडीची खुर्ची. खुर्ची कुंपणापाशी मांडली आणि बसले. बायकोने दोनदा ताट उचललं नि दोनदा ठेवलं. "मोदक निवतायत हो," ती मला म्हणाली. मग झांजा सुरू झाल्या. मी दाराकडे पाहिलं, तर आजोबा पाटीसमोर उभे राहून ती पुन्हा पुन्हा वाचत होते. शेवटी पायरीवर बसले आणि नाड्या सोडू लागले. युनियनच्या पायाचा बूट त्यांनी स्वतः काढला. लीगचा गुडघा वाकेना, तो बूट मी काढला. बारा नंबरचे ते बूट त्यांनी चपलांच्या ढिगाशेजारी नीट जोडीने ठेवले आणि लाल मोजे घालून, डोकं वाकवून आत आले. आरतीचा एक शब्द येत नसताना त्यांनी असा खर्ज लावला, की आमच्या डॉक्टरमंडळींना प्रथमच सुरात गावं लागलं.

पंगतीत सात मोदक झाल्यावर त्यांनी मला विचारलं, इथे फोन कुठे आहे. हॉलच्या बोळात कार्डाचा फोन होता. आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. माझं कार्ड घालून त्यांनी नंबर फिरवला. भावाच्या घरचा, तीस वर्षांत न वापरलेला नंबर त्यांना पाठ होता. मी जायला वळलो तर त्यांनी माझी बाही घट्ट धरली.

"मी बोलतोय," ते म्हणाले. आणि मग हॉलच्या दाराकडे पाहत, "क्लबातून बोलतोय. आतून."

मग पलीकडून एक म्हातारा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"बूट काढलेस का?"

आजोबांनी खाली आपल्या लाल मोज्यांकडे पाहिलं. "काढलेत," ते म्हणाले, आणि मग दोन्ही टोकांना दोन म्हातारे हसत होते की रडत होते, ते मला काही सांगता येणार नाही.

पुढच्या शनिवारी पाहतो तर आजोबा पुन्हा कुंपणाबाहेरच, खुर्ची टाकून. मी गाडी थांबवून विचारलं, आता काय झालं? "काही नाही रे," ते म्हणाले. "आता कधीही जाता येतं ना, मग घाई कशाला?"

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमचा गणपती अजून त्याच हॉलमध्ये बसतो. दाराशी चपलांचा ढीग पडला की आरतीआधी बायको एकदा तिकडे जाऊन येते. बारा नंबरचे बूट तिथे नसणार हे तिला ठाऊक असतं. तरी बघून येते.