ठशावरची फुली

भाजलेल्या मातीच्या माझ्या पाचही पाट्या प्रदर्शनाच्या समितीने परत केल्या. माती विभाग म्हणाला, ही छपाई आहे. छपाई विभाग म्हणाला, ही माती आहे.

दोन्ही होतं. लिनोलियमच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ तक्त्याच्या, ठशावर मी खांद्यावर हातोडा घेतलेले बाबा कोरले होते. ते रेल्वेत ट्रॅकमन होते, रुळांची दुरुस्ती करणारे. गोल बाजारातून आणलेल्या लाटण्याने माती लाटायची, तिच्यावर ठसा दाबायचा आणि ती ओली असतानाच सुईने क्रमांक टाकायचा: पाचांतली पहिली, पाचांतली दुसरी. भट्टीत माती आकसते. एका पाटीत बाबांच्या कपाळाला चीर गेली. छापे एकसारखे नाहीत, हीसुद्धा समितीची तक्रार होती.

समितीचे सचिव मनाने चांगले होते. म्हणाले, "दीदी, मिट्टी छोड़ो. इसी ठप्पे से काग़ज़ पर निकालो, कल शाम तक दे दो. छपाई में लग जाएगा."

मी हो म्हणून आले. डोंगरगडच्या शाळेत शिकून घरातली पहिली पदवीधर झाले. प्रदर्शनाच्या भिंतीवर आपलं चित्र लागणं मला लहान गोष्ट वाटत नव्हती.

बूढापाऱ्यातल्या आमच्या खोलीत मी कागद पसरला, शाई काढली. बाबा बघत होते.

"काय करून राहिली वं?"

"कागदावर छापते. तिथं माती चालत नाही."

त्यांनी चीर गेलेली पाटी उचलून उजेडात धरली. "कागदावर मले हजेरीवाल्यानं लय लिवलं. रुळावर असून अर्ध्या वेळा गैरहजर. हे बरोबर आहे. उन्हात कपाळ असंच तडके." मग माझ्याकडे बघितलं. "त्यायले चालत नाई, म्हणून मले बदलून राहिली?"

मी शाईचा डबा बंद केला.

छपाईची एक रीत आम्हाला कॉलेजात सरांनी शिकवली होती. त्यांचे उपकार फार आहेत. ठरलेले छापे निघाले की ठशावर फुली कोरायची, म्हणजे त्यातून आणखी एकही छाप कुणी काढू नये, स्वतःही नाही. माझे पाच कधीच निघाले होते. फुली मी मारली नव्हती. मनात कुठेतरी कागदाची आशा ठेवली होती, हे तेव्हा कळलं.

मी कोरणी घेतली आणि खांद्यापासून बुटापर्यंत एकमेकींना छेदणाऱ्या दोन खोल रेघा ओढल्या.

"अवं, मलेच खोडलं," बाबा हसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सचिवांच्या टेबलावर मी तो ठसा ठेवला. "काग़ज़?" त्यांनी विचारलं.

"आता निघणार नाही. पाट्या बाहेर रिक्षात आहेत. विभाग तुम्ही ठरवा."

त्यांनी ठरवलं नाही. पाट्या परत आल्या. आता त्या आमच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, गल्लीच्या बाजूला लावल्या आहेत. स्कूटरवाले वेग कमी करून बघतात.

यंदा पुन्हा त्याच प्रदर्शनाचा अर्ज भरला. "कोणताही एक विभाग निवडा" असं त्यात छापलेलं आहे. मी दोन्ही चौकटींत खूण केली.