‘झालं’ कुणी म्हणायचं

गुंजीहून सकाळची गाडी धरून मी बेळगावला कामाला जाते. पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात असते. कॉम्प्युटरचं काही अडलं की सगळे माझ्याकडे येतात, म्हणून मशीनच्या तक्रारींचा ऑनलाइन फॉर्म बसवायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. मुख्य ऑफिसकडून आलेला इंग्रजी फॉर्म मी जसाच्या तसा चढवला आणि मशीनं चालतात त्या शेडच्या, म्हणजे शॉपच्या, दाराशी टॅब लावून दिला. तासाभराचं काम. स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

काही महिन्यांनी पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवरच्या एक आक्का ऑफिसात आल्या. वडगावच्या, विणकरांच्या घरातल्या. घरचे माग बंद पडल्यावर इथे लागलेल्या. बोटाला पट्टी होती. प्रेसचं पायडल अडकून बोट चेंगरलं होतं. नख गेलं, बोट वाचलं.

“पायडल अडकतंय म्हणून चारदा लिवलंय की गं त्या टॅबवर,” त्या म्हणाल्या. “कोण बघतंय तरी का न्हाय ते?”

मी यादी उघडली. चारही तक्रारी तिथे होत्या. बिघाडासाठी मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि अदर, म्हणजे इतर, असे तीनच पर्याय होते. पहिल्या दोन शब्दांची खात्री नसल्यामुळे आक्कांनी दरवेळी तिसरा निवडला होता. पहिले दोन निवडले की तक्रार आपोआप मेंटेनन्सकडे जायची. तिसऱ्याला पुढे वाटच नव्हती, आणि फॉर्म चढवताना मी तो एकदाही निवडून पाहिला नव्हता. आक्कांच्या पट्टीकडे बघायचं मला धाडस होईना.

पायडल तात्पुरतं दुरुस्त झालं. मी मॅनेजरसाहेबांकडे गेले.

“फॉर्म बदलायचाय, साहेब.”

“ऑडिट होऊ दे, मग बघू.”

“तोवर कुणाचं तरी बोट जाईल.”

त्यांनी पुढ्यातली फाइल मिटली. “कर. पण जबाबदारी तुझी.”

पुढचे काही दिवस जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन मी शॉपमध्ये हिंडले. पायडल अडकतंय, तेल गळतंय, करंट मारतोय, आवाज येतोय. लोक जसं बोलतात तसंच लिहून घेतलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने त्याचं कन्नड करून दिलं.

आणि मी मोठी चूक केली. यादीतले शब्द बदलले, पण तक्रार पुढे पाठवणारा नियम अजून जुनेच शब्द शोधत होता. अख्खा दिवस मेंटेनन्सकडे एकही तक्रार पोहोचली नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. जुना फॉर्म परत लाव, म्हणाले. मी एक दिवस मागून घेतला. नियम नव्याने बांधला, आणि या वेळी प्रत्येक पर्याय स्वतः निवडून, तक्रार पोहोचते की नाही ते मेंटेनन्सच्या दारात उभं राहून पाहिलं.

आणखी एक बदल केला. तक्रार बंद करायचं ‘झालं’ हे बटण मेंटेनन्सकडून काढून तक्रार करणाऱ्याला दिलं.

मेंटेनन्सचे प्रमुख चिडले. “आम्ही दुरुस्त केलं म्हणजे झालंच की!”

“मग दाबतील की ते,” मी म्हटलं. मागे हटले नाही.

पंधरा दिवसांत आक्कांचं पायडल पुन्हा कुरकुरायला लागलं. त्यांनी नोंद केली. फिटर आला, तेल घालून गेला. आक्कांनी ‘झालं’ दाबलं नाही. तो परत आला, नट आवळून गेला. तरी नाही. साहेबांच्या स्क्रीनवर बंद न झालेल्या तक्रारीची ती एकच ओळ लाल दिसत होती.

“तू ऑफिसातून बंद करून टाक ती,” ते म्हणाले.

“मला करता येत नाही, साहेब. माझाही हक्क काढून टाकलाय मी.”

ते उठले आणि थेट शॉपमध्ये गेले. मीही मागोमाग.

“आक्का, अजून काय राहिलंय?”

“आतली स्प्रिंग गेल्या, सायेब. तेलानं काय व्हणार? बदलाय पायजे.”

साहेबांनी तिथूनच फोन लावला. संध्याकाळी नवी स्प्रिंग बसली. आक्कांनी आधी प्रेस दहा-बारा वेळा चालवून बघितली. मग हात पुसले, सावकाश टॅबपाशी गेल्या आणि बटण दाबलं.