मोटरचा नंबर

तात्यांना परत बोलावणारे फोन आमच्या विहिरीवरच्या मोटरला गेले.

आज तात्यांना जाऊन वर्ष झालं. माझे धाकटे चुलते.
मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहितोय.

थंडी वाजून ताप आला म्हणून त्यांना बावड्याहून बारामतीला कॅज्युअल्टीत नेलं. सलाईन, इंजेक्शन झालं. ताप उतरला. तात्या चहा मागायला लागले.

डॉक्टर म्हणाले, "घरी जा. रक्त कल्चरला पाठवलंय. त्यात जंतू वाढले तर फोन करू. फोन आला की लगेच यायचं."

सिस्टरनी नंबर विचारला. तात्यांनी न अडखळता सांगितला.

"पाठ आहे की काका!"
"रोज लावतो की," तात्या म्हणाले.

ते रोज लावायचे तो मोटरचा नंबर, तोच सवयीनं तोंडात आला. स्टार्टरमध्ये सिमकार्ड आहे. रिंग दिली की मोटर चालू, परत दिली की बंद.

स्वतःचा नंबर त्यांना पाठच नव्हता. स्वतःला कोण फोन लावतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर आपोआप सुरू झाली. मग बंद. मग परत सुरू.

तात्या ओट्यावर पडून होते. "ही आज येड्यागत का करतीया?"
काकू म्हणाल्या, "तुमचीच हाय न्हवं? कुणाचं ऐकतीया?"
"राँग नंबर लावतंय कुणीतरी. लोनवालं असंल. आता मोटरला बी लोन देत्यात व्हय?"

दोघं हसले. मग तात्या स्वतः विहिरीवर जाऊन फ्यूज काढून आले.

येताना धाप लागली होती. दुपारनंतर ते काकूंना ओळखेनात.

परत बारामतीला नेलं. कॅज्युअल्टीत त्याच सिस्टर धावत आल्या. "सकाळपासून फोन करतोय ओ! रिंग जाते आणि कट होते. यांच्या रक्तात इन्फेक्शन आहे."

"कुठल्या नंबरवर?" काकूंनी विचारलं.
सिस्टरनी वाचून दाखवला.

काकूंनी लगेच ओळखला. "ह्यो तर मोटरचा."

आयसीयूत डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. तात्या घरी आले नाहीत.

मी कुणाला दोष देत नाही. एवढंच सांगतो, आपल्या माणसाला घरी सोडलं तर दिलेला नंबर तिथंच एकदा लावायला सांगा. रिंग आपल्याच खिशात वाजली पाहिजे.

ऊस यंदा चांगला आहे. मोटरला आता मी रिंग देतो. ती सुरू झाली की काकू ओट्यावरून उठून आत जातात.

तात्या, तुमचा नंबर आता मला पाठ आहे.

नमस्कार.