पावतीच्या मागे लिहिलेलं

सुरुवातीलाच माफी मागतो. असे अनुभव लिहितात ते पंचवीस-तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले लोक. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. होम लोनच्या ऑफिसातली माझी नोकरी पुरती दोन वर्षंही टिकली नाही. बाबा रायपूरजवळच्या उरला औद्योगिक भागात रोलिंग मिलमध्ये आहेत, आम्ही बीरगावला राहतो, आणि घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. तेव्हा लिहायचा अधिकार किती, हे मला ठाऊक नाही. पण जे झालं त्यात माझं हस्ताक्षर होतं, म्हणून मलाच लिहावं लागेल.

ठवकर काकू काउंटरपुढे उभ्या होत्या. हातात लोनचं स्टेटमेंट होतं आणि एका आकड्याखाली त्यांनी पेनानं दोनदा रेघ मारली होती.

"बाबू, हा आकडा काहून एवढा मोठा?"

"काकू, एवढीच बाकी आहे. कॉम्प्युटरमधूनच काढलंय."

"कॉम्प्युटरले काय विचारतो? मी एकोणीस महिने वरचे पैसे भरून राहिली. आमच्या डब्यावरल्या एका साहेबानं कागदावर हिशेब मांडून देला. तो म्हणते, एवढं राहाले नाही पाहिजे."

काकू डबे करतात. नवा रायपूरच्या ऑफिसांमध्ये जी एकटी राहणारी माणसं आहेत, त्यांचे. तिकडे बस कमी, जेवायची सोय त्याहून कमी. ठवकर काका एका ऑफिसची स्टाफ बस चालवतात, त्याच बसमधून डबे जातात. काकांची नोकरी ठेक्याची. वयाची अट आहे आणि ती जवळ आली होती. पेन्शन नाही. काकूंचं एकच म्हणणं होतं: हे गाडीवरून उतरायच्या आधी घर आपलं झालं पाहिजे. म्हणून हप्ता बँकेतून कापला जायचा तो जायचाच, वरून काकू दर महिन्याला डब्यांच्या कमाईतले तीन हजार रोख आणून भरायच्या. कधी साडेतीन.

इथे थोडं समजावून सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं. ज्याला EMI म्हणतात त्या हप्त्यात दोन भाग असतात. एक व्याज, दुसरं मुद्दल, म्हणजे मूळ उचललेली रक्कम. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा बराचसा भाग व्याजातच जातो. व्याज लागतं ते शिल्लक मुद्दलावर. म्हणून वरचे पैसे थेट मुद्दलात टाकले, तर पुढचं सगळं व्याज कमी होतं आणि लोन लवकर संपतं. याला ऑफिसात पार्ट पेमेंट म्हणतात.

काकूंना हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी नेमकं माहीत होतं. पैसे भरले की त्या पावती माझ्यापुढे सरकवायच्या.

"मागं लिह."

"काय लिहू?"

"आजची तारीख. किती देले ते. आन् मुद्दलात, असं लिह. खाली तुही सही."

मी लिहायचो. खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं. तोपर्यंत माझी सही फक्त हॉल तिकिटावर लागली होती. शंकर नगरच्या त्या ऑफिसात मराठी बोलणारा मी एकटा. मला वाटायचं, काकू आपला माणूस म्हणून माझ्याकडे येतात.

त्या दिवशी काकू गेल्यावर मी त्यांचं खातं उघडलं. एकोणीसही रकमा तिथे होत्या, रुपयाचा फरक नव्हता. पण त्या मुद्दलात नव्हत्या. 'ॲडव्हान्स' नावाच्या वेगळ्या रकान्यात पडून होत्या. म्हणजे उद्या एखादा हप्ता चुकला तर त्यातून कापायला पैसे तयार, आणि तोवर मुद्दल जसंच्या तसं. व्याज चालू.

कॅशवर दुबे भैया बसायचे. मी त्यांना विचारलं.

"पार्ट पेमेंट का फॉर्म लगा था?" त्यांनी उलट विचारलं.

"कौन सा फॉर्म?"

त्यांनी नोटा मोजायचं थांबवलं नाही. "फॉर्म नहीं, तो पैसा एडवांस में। सिस्टम यही करता है।"

"आपने कभी बताया नहीं, भैया।"

"तूने कभी पूछा नहीं।"

फॉर्म कुठे असतात, तर मॅनेजर सरांच्या केबिनमध्ये, कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरला कुलूप. बाकी सगळे फॉर्म माझ्या टेबलाजवळच्या रॅकमध्ये उघडे असायचे: नवं लोन, टॉप-अप (म्हणजे चालू लोनवर आणखी लोन), पत्ता बदल. हा एकच फॉर्म कुलपात का, हा प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला तो अजून गेलेला नाही.

मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. ब्रँच किती मोठी, हे तिथल्या लोनची एकूण बाकी किती यावर ठरतं. ती बाकी घटली की मॅनेजरला वरून फोन येतो. कोणी लोन लवकर संपवायची गोष्ट काढली की सर चहा मागवायचे आणि चहा संपेपर्यंत त्याला टॉप-अपचे फायदे सांगायचे. हे मी रोज बघत होतो, पण जोडून पाहिलं नव्हतं. आता दुबे भैया केबिनमध्ये गेले तरी मी घड्याळ बघायचो, किती वेळ आत आहेत. पुरावा माझ्याकडे काहीच नव्हता. आजही नाही.

दोन दिवसांनी काकू परत आल्या, हातात कापडी पिशवी. सरळ केबिनकडे गेल्या. सरांनी मलाही आत बोलावलं.

"मैडम, एडवांस भी आपका ही पैसा है। कहीं गया नहीं।"

"गया नहीं, तो घटा काहून नाही?"

"आज फॉर्म भर दीजिए। आज से मूलधन में डाल देंगे।"

"आजपासून? आन् ते एकोणीस महिने?"

"उस समय आपने लिखकर दिया था क्या?" सर खुर्चीत मागे टेकले. "और एक बात। हर महीने कैश। आता कहाँ से है?"

"डब्बे से आता है, साहब. आपकी मॅडम मायके गई थी तब बुधवार का भरवां बैंगन आपने भी खाया है. दो बार."

काकूंनी पिशवीतून पावत्यांची चळत काढली. रबर लावलेलं, प्रत्येक पावतीच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट. काकू त्या देव्हाऱ्यात ठेवायच्या, आणि त्यांचा देव्हारा स्वयंपाकघरातच, शेगडीच्या वर. आमच्या पावत्या मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावर छापलेल्या. त्या कागदाला ऊन किंवा आच लागली की अक्षरं उडतात.

सरांनी पहिली पावती उजेडात धरली. मग दुसरी. "मैडम, ये तो कोरा कागज़ है।"

काकूंनी हात पुढे केला, पावती घेतली आणि उलटी करून टेबलावर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. एकोणीस पावत्या त्यांनी ओळीनं उलट्या मांडल्या. छापलेलं उडालं होतं, पण पेनाचं लिहिलेलं तसंच होतं. तारीख, रक्कम, 'मुद्दलात', आणि खाली माझी सही. पहिल्या पावतीवर मी नाव पूर्ण लिहिलं होतं, अगदी वळणदार. नंतरच्यांवर घाईची दोन अक्षरं.

"ये तेरी लिखावट है?" सरांनी विचारलं.

दुबे भैया काहीतरी कागद घेऊन दारात आले होते. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नाही म्हण, असं. शेवटच्या सेमिस्टरची फी भरायची राहिली होती, आणि ती या पगारातूनच भरायची होती. ओळखू येत नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. दोन अक्षरांची सही कोणाचीही असू शकते. मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पावत्यांच्या कडा सरळ करत होत्या.

"हाँ सर। मेरी है।"

"किससे पूछकर लिखा?"

"किसी से नहीं।"

"तो ये कंपनी का लिखा नहीं है। तेरा लिखा है।"

"गले में पट्टा तो कंपनी का है ना, साहब," काकू म्हणाल्या. माझ्या गळ्यात आयकार्ड होतं.

त्या संध्याकाळी ऑफिससमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी काकूंचा अर्ज लिहून दिला, हेड ऑफिसच्या नावानं. एकोणीस पावत्यांच्या मागच्या बाजू झेरॉक्स करून जोडल्या. दुकानदारानं तीनदा विचारलं, "भैया, उल्टी तरफ ही करना है?" मी माझंही एक पान वेगळं लिहिलं: ग्राहकानं दर वेळी मुद्दलात टाका असं सांगितलं होतं, फॉर्म लागतो हे मला माहीत नव्हतं, चूक माझी आहे. एक प्रत काकूंच्या अर्जाला जोडली आणि दुसरी सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी न वाचता ती खालच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि किल्ली फिरवली.

महिना संपताना मला सांगितलं गेलं की एक तारखेपासून यायची गरज नाही. पत्र वगैरे नाही. आयकार्ड मात्र सही घेऊन परत घेतलं. दुबे भैयांनी खाली टपरीवर चहा पाजला.

"बहुत शौक था सच बोलने का?" ते म्हणाले. मग बराच वेळ कपाकडे बघत राहिले. "फीस कितनी बाकी है?"

मी आकडा सांगितला नाही. ते हे का विचारतात, याचाही मला संशय आला. बाबांनी मिलमधून उचल घेतली आणि फी भरली. मी एका टॅक्स सल्लागाराकडे फायली लावायचं काम धरलं.

काकूंचा फोन आला नाही. मी दोनदा केला, उचलला गेला नाही. अर्ज पोचला की नाही, की तोही कोणत्या ड्रॉवरमध्ये गेला, कळायला मार्ग नव्हता. मनात असंही आलं की काकूंचं काम कधीच झालं असेल आणि आता त्यांना माझी गरज उरली नसेल. माणसाला एकदा संशयाची सवय लागली की ती ऑफिसपुरती राहत नाही.

मी यातून शिकलो ते एवढंच. वरचे पैसे भरणार असाल तर फॉर्म मागा, मिळाला नाही तर साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या. हप्ता कमी करायचा नाही, मुदत कमी करायची आहे, हेही लिहा. पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट काढून मुद्दल घटलं का ते स्वतः बघा. आणि छापील पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. काउंटरवरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जाऊ नका. माझा चेहरा चांगलाच होता.

परीक्षेच्या आधल्या आठवड्यात फोन वाजला.

"बाबू, रजिस्ट्री आली घरी. असल कागद," काकू म्हणाल्या. रजिस्ट्री म्हणजे घराचं मूळ खरेदीखत; लोन पुरतं फिटेपर्यंत ते कंपनीकडे गहाण असतं. हेड ऑफिसनं एकोणीसही रकमा मूळ तारखांपासून मुद्दलात धरल्या होत्या. त्यानं बाकी एवढी खाली आली की उरलेले पैसे काकूंनी भिशीचा नंबर लागला त्यातून एकदम भरून टाकले. काकांना गाडीवरून उतरायला अजून दोन महिने होते.

"काकू, मी फोन केला होता."

"पाहिला. नाही उचलला. कागद हाती आल्याबिगर कोणाशीच बोलाचं नाही, असं ठरवलं होतं."

मी विचारलं, "तुम्ही दर वेळी माझीच सही का घ्यायचात?"

"तुह्यावर भरोसा नव्हता म्हणून." त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "एवढं गोड बोलणारा पोट्टा, वरून आपल्यातला. मले वाटलं, खाल्ले तर हाच खाईन पैसे. म्हणून पक्कं करून घेत होती."

"नोकरी गेली ना तुही?" त्यांनीच पुढे विचारलं. "जेवतो कुठं मग दुपारी? डबा लावून घे. अर्ध्या पैशात देईन. पण पैसे एक तारखेले, आधी."

"पावती मिळेल का, काकू?"

"मिळन," त्या म्हणाल्या. "मागं सही करून देईन."