नलूची डोकेदुखी

आज एसटी स्टँडवर एक बाई दोन्ही हातांनी डोकं गच्च धरून बसली होती. नवरा म्हणाला, "पित्त झालं असेल." मी न राहवून म्हणालो, "अहो, आधी डॉक्टरांना दाखवा." त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

काही वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण नलू राखी बांधायला आली होती, तेव्हा अशीच अचानक डोकं धरून बसली. "दादा, आत काहीतरी फुटल्यासारखं झालं रे. घरी नको सांगूस." मीही पित्तच म्हणालो आणि तिला कोकम सरबत दिलं.

वर्षभराने ती वर्गात शिकवता शिकवता कोसळली. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत जन्मापासूनच रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. त्यातून रक्तस्राव झालाय. पूर्वी कधी त्रास झाला होता? एकदा रक्तस्राव झाला की पुन्हा होण्याचा धोका वाढतो."

"कधीच नाही," तिचा नवरा म्हणाला. मग मला तोंड उघडावं लागलं.

नलू वाचली, पण तिचे शब्द अडखळतात. परवा फोनवर एकेक शब्द जुळवत म्हणाली, "दादा, तू तरी... काय करणार होतास?"

दवाखान्यात नेलं असतं, एवढंच. पण मी तिला विचारलं, "औषधं वेळेवर घेतेस ना?"